खाऱ्या पाण्याच्या टाकीत सात महिने ठाण मांडून बसलेले हिरवे शेवाळ, आणि चाचणीत फॉस्फेट मात्र शून्य

शिंपला (धागाकर्ता) | १४ जानेवारी

नमस्कार. माझ्याकडे पुण्यात दोन वर्षे जुनी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. टाकी आणि खालचा सम्प (गाळणीची जोडटाकी) मिळून, दगड व वाळूने व्यापलेली जागा वजा केल्यास, प्रत्यक्ष पाणी २६० लिटर भरते. त्यात दोन क्लाउनफिश, एक लॉनमोअर ब्लेनी (शेवाळ खरवडणारा मासा), एक क्लीनर श्रिंप आणि लेदर, झोअँथिड, मश्रूम असे मऊ प्रवाळ आहेत. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असल्यामुळे त्यांच्या वाटेला मी गेलेलो नाही.

गेल्या जूनपासून दगडांवर हिरव्या केसांसारखे शेवाळ वाढू लागले. दर रविवारी बाही कोपरापर्यंत वर सारून मी ते हाताने उपटतो, उरलेले जुन्या टूथब्रशने घासतो आणि सुटलेले तुकडे नळीने ओढून घेतो. मूठभर सहज निघते, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेवढेच असते. सर्वांत जास्त शेवाळ पॉवरहेडच्या (प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या) झोतासमोरील दगडावर आहे. तेथे ते प्रवाहात आडवे लोळत असते आणि त्याखाली झोअँथिडची एक वसाहत गेले दोन महिने उघडलेलीच नाही.

मोजमापे अशी आहेत: फॉस्फेट ०.०० ते ०.०२ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), नायट्रेट १ ते २ पीपीएम (ही दोन्ही शेवाळाची खाद्ये), क्षारता (खारेपणा) हजारी ३५, तापमान २६ अंश. आतापर्यंत केलेले उपाय असे: दिवे दहा तासांवरून सात तासांवर आणले, टाकीला चादरी गुंडाळून तीन दिवस संपूर्ण अंधार केला, रिॲक्टरमध्ये (गाळणीच्या नळकांड्यात) फॉस्फेट शोषणारे जीएफओ भरले, वीस टर्बो गोगलगायी आणल्या (त्यांतील नऊ मेल्या), आणि पूर्वी पंधरवड्याने बदलत होतो ते ५० लिटर पाणी आता दर आठवड्याला बदलतो. पाणी घरच्याच आरओचे असते. शनिवारी रात्री स्वयंपाकघरातील प्युरिफायरच्या नळाखाली कॅन लावून ठेवतो.

एक गोष्ट मला चमत्कारिक वाटते आणि ती माझा भास असण्याचीही शक्यता आहे. पाणी बदलल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेवाळ अधिक जोमाने वाढल्यासारखे दिसते. पाणी जितके बदलावे तितके शेवाळ कमी व्हायला हवे, असेच आजवर वाचत आलो आहे.

खाडीकाठ | १४ जानेवारी

फॉस्फेट शून्य आले म्हणून फॉस्फेट नाही, हा समज आधी सोडून द्यावा. चाचणीत दिसते ती केवळ पाण्यात उरलेली शिल्लक असते. शेवाळाने येता येता जे गिळले त्याचा हिशेब तिच्यात नसतो. महिनाअखेरीस खात्यात शंभर रुपये उरले म्हणून त्या माणसाला पगारच नाही असे आपण म्हणत नाही. आठवड्याला मूठभर शेवाळ उगवते आहे, म्हणजे तेवढे खाद्य कोठून तरी नक्की येते आहे.

पण त्याही आधी हे शेवाळ कोणते ते ठरवायला हवे, कारण ‘केसाळ शेवाळ’ या एका नावाखाली आपण चार वेगवेगळ्या सजीवांना एकाच काठीने हाकतो. एक झुपका उपटून पांढऱ्या बशीत टाकीचेच पाणी घेऊन त्यात मोकळा सोडावा आणि भिंगातून पाहावा. मधोमध देठ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिंचेच्या पानासारख्या बारीक पाकळ्यांच्या ओळी दिसल्या, तर ते ब्रायोप्सिस आहे. साधे, मऊ तंतू असतील आणि पाण्याबाहेर काढताच त्यांचा लोळागोळा होत असेल, तर बहुधा डर्बेसिया. तंतूंना फांद्या फुटलेल्या असतील आणि बोटांना भांडी घासायच्या काथ्यासारखे खरखरीत लागत असेल, तर क्लॅडोफोरा. आणि रंग हिरवा नसून तपकिरी असेल, शेंबडासारखी तार येत असेल, दुपारनंतर त्यात हवेचे बुडबुडे अडकत असतील आणि रात्री ते जवळजवळ नाहीसे होत असेल, तर ते शेवाळ नसून डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव आहेत. त्यांच्यावरचा उपाय नेमका उलटा आहे: तेथे नायट्रेट व फॉस्फेट वाढवावे लागते, कारण पाणी अति ‘स्वच्छ’ झाले की प्रतिस्पर्धी उपाशी मरतात आणि यांचे फावते.

गोगलगायींविषयी सांगायचे तर, टर्बो आखूड शेवाळ चरते. बोटभर वाढलेल्या रानात ती शिरत नाही. आधी उपटून खुंट ठेवावे आणि मग त्यांना सोडावे. बहुतेक गोगलगायी हिरवळीच्या मध्यभागी बसून उपाशी मेल्या असाव्यात.

ओहोटी | १५ जानेवारी

तीन दिवसांच्या अंधाराने हे शेवाळ मरत नाही, फक्त फिकट पडते. जे थोडे मरते ते कुजून आपले फॉस्फेट परत पाण्यात सोडते. चादरी धुऊन कपाटात ठेवा. माशांना काय खायला घालता, ते लिहिलेले नाही.

शिंपला | १५ जानेवारी

बशीत पाहिले. बहुतांश साधे, फांद्या नसलेले मऊ तंतू आहेत आणि बाहेर काढल्यावर खरोखर लोळागोळा होतो. तेव्हा डर्बेसिया धरून चालतो. खाद्य म्हणून दिवसातून एकदा कोरड्या दाण्यांची चिमूट आणि एक दिवसाआड पाकिटातील गोठवलेली सोललेली कोळंबी, बारीक चिरून. ती वितळल्यावर निघणारे पाणीही टाकीत जाते, हे मान्य करतो.

नाखवा | १५ जानेवारी

मी मुंबईचा. मला एक मूलभूत शंका आहे. दारात समुद्र असताना आपण विकतचे मीठ विकतच्या पाण्यात का कालवतो? भरतीच्या वेळी चार कॅन भरून आणले तर ही सगळी भानगडच मिटेल.

खाडीकाठ | १६ जानेवारी

नाखवा, मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळते. ज्या नायट्रेट-फॉस्फेटशी येथे झगडा चालला आहे, तेच आपण कॅन भरून घरी आणू. शिवाय पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्याची क्षारता इतकी उतरते की ते थेट वापरताच येत नाही. खोल समुद्रातून कोणी आणून देत असेल तर गोष्ट वेगळी, पण पुण्याला त्याचा काय उपयोग?

मरुभूमी | १६ जानेवारी

मी दुबईत असतो. डर्बेसिया व ब्रायोप्सिस या दोन्हींवर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचे औषध अनेकदा लागू पडते. मात्रा लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम. गाळणीतील कार्बन काढून ठेवायचा, जीएफओ बंद करायचे, स्किमरचा (फेस करून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप उघडा ठेवायचा आणि दोन ते तीन आठवडे पाणी बदलायचे नाही. माझी टाकी अठरा दिवसांत साफ झाली. सात महिने उपटत बसण्याची गरजच नव्हती.

खाडीकाठ | १६ जानेवारी

औषधाला माझा विरोध नाही, क्रमाला आहे. खाद्य येण्याची वाट बुजवल्याशिवाय शेवाळ मारले, तर मेलेल्या शेवाळातील सगळे फॉस्फेट एकदम मोकळे होईल आणि त्या रिकाम्या दगडावर दुसरे काही तरी येऊन बसेल. ते दुसरे लाल सायनो (चिकट थर करणारे जिवाणू) असेल तर नशीब बरे म्हणायचे. शिवाय क्लॅडोफोरावर ते औषध सहसा चालत नाही, म्हणून ओळख पटवण्याचा आग्रह.

मोजपात्र | १७ जानेवारी

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. टाकी माझ्या भावाची आहे. मी फक्त तिच्या चाचण्या करते. धागाकर्त्यांनी ज्याला ‘भास’ म्हटले, ते मला या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्या चाचणीसंचातील मॉलिब्डेटयुक्त द्रव्य फक्त ऑर्थोफॉस्फेटशी, म्हणजे सुट्या फॉस्फेटशी संयोग पावते आणि निळा रंग देते. फॉस्फेटचे अनेक घटक साखळीने जोडलेले असतील, म्हणजे ते पॉलिफॉस्फेट असेल, तर रंग येत नाही आणि चाचणी शून्य दाखवते. संच बिघडलेला नसतो, त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा असतो. ही साखळी पाण्यात हळूहळू तुटते. टाकीतील जिवाणू आणि खुद्द शेवाळही आपल्या विकरांनी (एन्झाइमांनी) तिला अधिक वेगाने तोडतात. म्हणजे रविवारी टाकलेल्या पाण्याची चाचणी रविवारी शून्य येते, आणि बुधवारपर्यंत त्याच पाण्यातून शेवाळाचे जेवण तयार होते. तुमचा तिसरा-चौथा दिवस याच्याशी जुळतो.

आता हे पॉलिफॉस्फेट येते कोठून? मला दोन जागांचा संशय आहे.

पहिली जागा स्वयंपाकघरातील प्युरिफायर. कठीण पाण्याच्या भागांत मेम्ब्रेनवर (पाणी गाळणाऱ्या पातळ पडद्यावर) क्षार बसू नयेत म्हणून त्याच्या अलीकडे अँटीस्केलंटचे पांढरे, काचेच्या गोट्यांसारखे बॉल भरलेली बाटली लावतात. हे बॉल सामान्यतः पॉलिफॉस्फेटचेच असतात. मेम्ब्रेन त्यातील जवळजवळ सगळे अडवते, त्यामुळे एरवी चिंता नसते. पण घरगुती यंत्रांत बहुधा ‘टीडीएस कंट्रोलर’ नावाचा एक छोटा स्क्रू असतो (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार). तो पाण्यात खनिजे घालतो असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो मेम्ब्रेनला वळसा घालून आलेले पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. बॉलवरून आलेले पाणी त्या वळशाने थेट तुमच्या कॅनमध्ये उतरते. पिण्याच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही, पण टाकीच्या दृष्टीने ते द्रवरूप खत आहे.

दुसरी जागा कोळंबीचे पाकीट. गोठवताना कोळंबीतील पाणी टिकून राहावे, ती फुगीर दिसावी म्हणून तिला ट्रायपॉलिफॉस्फेटच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत आहे. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत ४५१ किंवा ४५२ हा आकडा (अशा फॉस्फेटांचा संकेतांक) आहे का ते पाहा.

खात्री करायची असेल तर प्रयोगशाळेतच करावी, गॅसच्या शेगडीवर नको. कॅनमधील १०० मिलिलिटर पाणी थोडे सल्फ्युरिक आम्ल घालून दीड तास मंद उकळायचे, आटेल तसे ऊर्ध्वपातित पाणी घालत राहायचे, थंड झाल्यावर सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करून पुन्हा १०० मिलिलिटर करायचे आणि मग फॉस्फेट मोजायचे. उकळण्यापूर्वीचा व नंतरचा आकडा यांत जो फरक येईल, ते लपलेले फॉस्फेट.

आणि एक टीडीएस मीटर विकत घ्या. खाऱ्या पाण्याची टाकी दोन वर्षे त्याच्याशिवाय चालवली, याचे मला खरोखर नवल वाटते.

शिंपला | १७ जानेवारी

बाई, कानउघाडणी मान्य आहे. यंत्राचे झाकण उघडले. पिवळट पडलेल्या बाटलीत पांढरे बॉल आहेत, अर्धे विरघळून हरभऱ्याएवढे झालेले. स्क्रूही सापडला. सर्व्हिसवाल्याने ते बॉल गेल्या मे महिन्यात, टँकर सुरू झाल्यावर, नवीन म्हणून बसवले होते. शेवाळ जूनमध्ये आले. पाकिटावर ४५१ लिहिलेले आहे.

ओहोटी | १८ जानेवारी

मे आणि जून! यापुढे उकळून पाहण्याची गरज आहे का?

मोजपात्र | १८ जानेवारी

आहे. दोन तारखा जुळल्या म्हणजे कारण सापडले असे होत नाही.

शिंपला | २६ जानेवारी

पुतणी बी.एस्सी.ला आहे, तिने शिक्षकांच्या परवानगीने महाविद्यालयातच परीक्षण केले. मीटरही आणला. सोसायटीत महापालिकेचे, बोअरचे व टँकरचे पाणी एकत्र येते, त्याचा टीडीएस ४२०. प्युरिफायरच्या नळाचा ११०. स्क्रू पूर्ण बंद केल्यावर तोच २२. म्हणजे मी ज्याला आरओचे पाणी म्हणत होतो, त्यात साधारण पाचवा हिस्सा आरओ न झालेलाच होता.

कॅनमधील पाण्याचे फॉस्फेट: उकळण्यापूर्वी ०.०३, उकळल्यानंतर ०.७१ पीपीएम. दोनदा केले, दुसऱ्या वेळी ०.६८ आले.

हिशेब मांडला आणि स्वतःचीच लाज वाटली. आठवड्याला ५० लिटर पाणी बदलतो, म्हणजे सुमारे ३५ मिलिग्रॅम फॉस्फेट मी स्वतः ओततो, आणि त्या बदल्यात शेवाळाने आधीच निर्मळ केलेले पाणी बाहेर काढतो. पूर्वी हे पंधरवड्यातून एकदा होत होते. शेवाळ वाढले म्हणून मी ते दर आठवड्याला करू लागलो.

खाडीकाठ | २६ जानेवारी

हिशेबात टॉप-अप (आटलेल्या पाण्याची रोजची भर) राहिला. बाष्पीभवनाने फक्त पाणी जाते, बाकी सगळे मागे उरते. दिवसाला तीन लिटर तरी भरत असाल. आठवड्याचे २१ लिटर, म्हणजे आणखी १५ मिलिग्रॅम. एकूण ५० मिलिग्रॅम, २६० लिटरमध्ये आठवड्याला जवळपास ०.१९ पीपीएम. कोळंबीचे वेगळे. एवढे रोजचे ताट मिळत असताना शेवाळ का हटेल?

हे पाणी थांबवल्यावर लगेच फरक दिसणार नाही, हे आताच सांगून ठेवतो. आपले दगड कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि ते फॉस्फेट धरून ठेवतात. पाण्यातले कमी झाले की दगडातले सुटू लागते. सात महिन्यांची साठवण रिकामी व्हायला दोन-तीन महिने लागतील. या काळात जीएफओ एकदम भरपूर घालून आकडा खाली खेचू नये. प्रवाळांना तो धक्का सोसत नाही, आणि खरोखर शून्यावर गेलात तर डायनोफ्लॅजेलेटला आमंत्रण द्याल. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि नायट्रेट ५ ते १० या पट्ट्यात राहिले तर पुरे.

दुसरे असे की, टाकीत शेवाळ नकोच हा हट्ट धरण्यापेक्षा ते आपण नेमून दिलेल्या जागी वाढवावे. स्मिथसोनियनमधील वॉल्टर ॲडी यांनी याच विचारातून शेवाळ-गालिच्याची गाळणी विकसित केली. सम्पवर भरतकामाची प्लास्टिकची जाळी उभी टांगायची, खरखरीत कागदाने तिचा पृष्ठभाग खडबडीत करून घ्यायचा, वरच्या फट पाडलेल्या पाइपमधून पाण्याचा पातळ पडदा तिच्यावरून सोडायचा आणि जवळून प्रखर दिवा लावायचा. दहा सेंटिमीटर रुंद जाळीला ताशी सुमारे ५०० लिटर प्रवाह लागतो. आठवड्याला जाळी बाहेर काढून शेवाळ खरवडायचे आणि कुंडीत टाकण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुवायचे. हाताने उपटण्याचे तेच काम, पण झोअँथिडच्या डोक्यावर नव्हे.

मरुभूमी | २७ जानेवारी

मी माझे शब्द मागे घेतो. आमच्याकडे डीआय रेझिनसह (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांसह) यंत्रे सर्रास मिळतात, त्यामुळे पाण्यावर संशय घेण्याचे सुचलेच नाही.

शिंपला | २४ मार्च

आठ आठवड्यांनी लिहितो आहे. स्वयंपाकघरातील यंत्राला हात न लावता बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या नळावर वेगळे आरओ बसवले: सेडिमेंट, कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन, बॉल नाहीत, वळसा नाही. टीडीएस शून्य. उकळून केलेल्या चाचणीतही फॉस्फेट शून्य. कोळंबी आता मंडईतून ताजी आणतो, घरी सोलून, चाळणीत धुऊन, चिरून गोठवतो. जाळीची गाळणी बसवून सहा आठवडे झाले.

पहिले तीन आठवडे टाकीत काहीच बदल झाला नाही आणि माझा धीर सुटत चालला होता. चौथ्या आठवड्यात रविवारी उपटायला हात घातला, तर तंतू ओढण्यापूर्वीच दगडावरून सुटून आले. मुळाशी त्यांचा रंग फिकट पिवळा झाला होता. आता जाळीवर तळहाताएवढा दाट गालिचा येतो आणि दगडांवर केवळ हिरवी छटा आहे. ब्लेनी ती दिवसभर खरवडत बसते. झोअँथिडच्या चाळीसेक तोंडांपैकी बारा उघडली आहेत. फॉस्फेट ०.०६, नायट्रेट ६.

मात्र पॉवरहेडसमोरील दगडावर एक झुपका जसाच्या तसा आहे. तो आज बशीत घेऊन पाहिला. मधोमध देठ आहे आणि दोन्ही बाजूंना चिंचेचे पान.

खाडीकाठ | २४ मार्च

म्हणजे गर्दीत ब्रायोप्सिसही लपले होते. ते कमी खाद्यावरही तग धरते आणि तुटलेल्या तुकड्यातून पुन्हा उगवते, त्यामुळे टूथब्रश अजिबात नको. आता मरुभूमींचे औषध योग्य ठरेल. मरणारे शेवाळ एक झुपकाच आहे आणि सुटणारे फॉस्फेट उचलायला जाळी आहे. पण जाळीवरील काही शेवाळही त्या औषधाने मरू शकते, तेव्हा त्या काळात आकड्यांवर लक्ष ठेवा.

शिंपला | १४ एप्रिल

ओळखीच्या पशुवैद्यांना टाकी दाखवून चिठ्ठी घेतली. १५० मिलिग्रॅमच्या नऊ गोळ्या, म्हणजे २६० लिटरला १३५० मिलिग्रॅम, खलात बारीक करून टाकीच्याच पाण्यात ढवळून सम्पमध्ये ओतल्या. कार्बन व जीएफओ काढले होते. स्किमरने दोन दिवस भयंकर फेस काढला. सहाव्या दिवशी झुपक्याची टोके पांढरी झाली, बाराव्या दिवशी तो करडा होऊन प्रवाहात विरला. श्रिंप व उरलेल्या अकरा गोगलगायी व्यवस्थित आहेत. फॉस्फेट ०.०९ पर्यंत चढले होते, आज ०.०७ आहे. जाळीवरील गालिचा अर्ध्यावर आला आहे.

ओहोटी | १४ एप्रिल

एक व्यावहारिक शंका. ४२० टीडीएसच्या पाण्यावर बॉलशिवाय मेम्ब्रेन किती दिवस टिकणार?

शिंपला | १५ एप्रिल

कमी टिकणार, हे गृहीत धरले आहे. प्रत्येक वेळी यंत्र सुरू करताना व बंद करताना फ्लशचा नळ पाच मिनिटे उघडा ठेवतो, आणि मेम्ब्रेननंतरचा टीडीएस दर शनिवारी वहीत लिहितो. जानेवारीअखेर तो २१ होता, आज २४ आहे. चाळीशी ओलांडली की मेम्ब्रेन बदलेन. वाया जाणारे पाणी बादलीत साठवून फरशी पुसायला जाते. स्वयंपाकघरातील स्क्रू आईच्या सांगण्यावरून पूर्वीच्या जागी आणून ठेवला आहे. तो बंद होता ते दहा दिवस चहाला चव नव्हती, असे तिचे म्हणणे आहे.